कापशाचे केस आणि गाडेकर सरांचा रोबो

रोबो घेऊ नका, असं गाडेकर सरांना एकाही माणसाने सांगितलं नाही. एरवी राहात्यात सल्ल्याची ददात नाही. मागे सरांनी गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची म्हटली, तर अकरा जणांनी अकरा दिशा सुचवल्या आणि त्यातले दोघे टाकीवाल्याच्या आधी गच्चीवर हजर होते. पण जिथे खरोखर कुणीतरी हात धरायला हवा होता, तिथे सगळा गाव मूग गिळून बसला. सरांचा हा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाईल असं वाटतही नाही.

गोरक्ष गाडेकर सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. कुठलाही प्रश्न आला की आधी निरीक्षण, मग नोंद, मग निष्कर्ष, हे त्यांनी तीस वर्षं पोरांना घोकून घोकून सांगितलं. त्यामुळे पुढे जे झालं ते त्यांच्या फारच जिव्हारी लागलं.

प्रश्न मुळात केसांचा नव्हताच, आईचा होता. बनुबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पुणतांब्याच्या घरात एकट्या राहायच्या. श्रावणात एका रात्री न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि सकाळी दूधवाल्याने हाका मारीपर्यंत तिथेच पडून राहिल्या. डावं मनगट मोडलं. सरांना फोन आला तेव्हा ते नववीला तरफ शिकवत होते. तरफ तशीच फळ्यावर टाकून ते जे निघाले, ते आईला घेऊनच परत आले. त्या रात्रभर आई ओल्या फरशीवर पडून होती, हे त्यांच्या डोक्यातून काही केल्या जाईना. आता आईला एकटी ठेवायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

बनुबाईंची एकच अट होती. त्यांच्याकडे कापशा नावाचा कुत्रा होता, नखशिखांत पांढरा, अंगावर हे एवढाले केस. "त्यो येनार आसंल तर मी येते. न्हाई तर मी हितंच बरी," त्या म्हणाल्या. सरांनी मागचापुढचा विचार न करता दोघांना गाडीत घातलं.

आता सरांच्या मिसेस, अश्विनीताई. त्या घरी ब्लाउज शिवतात आणि राहात्यातच नव्हे, पार सोनईपर्यंत त्यांच्या हाताला नाव आहे. सासू आल्याचं त्यांना काही नव्हतं. प्लास्टर होतं तो महिनाभर सासूची वेणीफणीसुद्धा त्यांनीच केली. पण कापशाचे केस गाद्यांवर, पिठाच्या डब्यावर, आणि मुख्य म्हणजे शिवायला आलेल्या कापडांवर बसू लागले. सोनईच्या एका नवरीचा मरून रंगाचा मखमली ब्लाउज होता. नवरीच्या आईने तो उजेडात धरला, त्यावरचे पांढरे केस एकेक करून वेचले, टेबलावर ओळीने मांडले आणि शांतपणे विचारलं, "ताई, शिलाई तुमी करता का कुत्रं करतंय?"

अश्विनीताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी सरांना म्हणाल्या, "अहो, मी दिवाळीपर्यंत बघते. तोवर केसांचं काहीतरी करा. नाहीतर कापशा पुणतांब्याला जाईल." आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. त्यामुळे सरांना जास्त भीती वाटली. कापशा गेला की आई जाणार आणि आई गेली की ती न्हाणी. केस थांबले तरच आई राहील, इतकं ते सरळ होतं.

मुलगा करण पुण्यात नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं, तर त्याने अर्ध्या मिनिटात उपाय काढला. पुण्यातल्या लोकांकडे प्रत्येक गोष्टीला मशीन असतं. "पप्पा, रोबो व्हॅक्यूम घ्या. कुत्री-मांजरं असलेल्या घरांसाठीच असतं ते. आपलं आपण फिरतं, केस ओढतं, परत जागेवर जाऊन चार्ज होतं. मी ऑर्डर टाकतो, पत्ता तुमचाच घालतो." हे सगळं तो सरकत्या जिन्यावर उभा राहून बोलत होता. घर कुणाचं, कुत्रा कुणाचा, मशीन कुणाचं, याचा विचार करायला जिना वर पोचेपर्यंतचाच वेळ होता.

मशीन आलं. सरांनी शेजारच्या अब्दुलभाईंना बोलावलं. अब्दुलभाई एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, आता रिटायर. कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचे स्क्रू मोजतात. त्यांनी ते गोल, काळं, पाटाएवढं यंत्र उलटं केलं, चाकं फिरवून बघितली आणि म्हणाले, "सर, हिला क्लच न्हाई." सर म्हणाले, "नसतो." अब्दुलभाईंचा चेहरा पडला. बनुबाईंनी त्याचं नाव लगेच कासव ठेवलं आणि ते शेवटपर्यंत तेच राहिलं.

घरात नवीन वस्तू आली की गाडेकरांकडे पूजा होते. स्कूटरची झाली, मिक्सरची झाली, गिझरचीसुद्धा शिडी लावून झाली. विज्ञान विज्ञानाच्या जागी, असं सर म्हणतात. ती जागा नेमकी कुठे, हे त्यांनी कधी कुणाला दाखवलेलं नाही. तर त्यांनी स्वतः नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मशीनच्या पुढच्या अंगाला कपाळासारखी एक चकचकीत जागा दिसली तिथे ठसठशीत बोट उमटवलं. तो मशीनचा डोळा होता. मशीन निघालं ते थेट कपाटावर, कपाटावरून देवघरावर, तिथून बनुबाईंच्या काठीवर. कापशा दिवाणावर चढून घसा बसेपर्यंत भुंकला. शेवटी अब्दुलभाईंनी रुमालाने डोळा पुसला, तेव्हा कुठे मशीनला घर दिसू लागलं.

मशीनची जागा हॉलमधल्या दिवाणाखाली ठरली, कारण प्लगचं बटण तिथे होतं. रोज सकाळी दहाला ते आपण होऊन बाहेर पडायचं. चारच दिवसांत कापशाचं भुंकणं थांबलं आणि त्याला त्या यंत्राचा लळा लागला. दहा वाजायच्या आधीच तो दिवाणापुढे बसून राही. मशीन निघालं की त्याच्या मागे मागे हॉल, मधली खोली, स्वयंपाकघर असा फेरा मारी, आणि मशीनने साफ केलेल्या फरशीवर नवे केस टाकत जाई. सर म्हणाले, "काही हरकत नाही, उद्या निघतील." पण तो उद्याही नीट उगवेना.

कारण मशीन दिवाणाखालून निघे, पाचदहा मिनिटं फिरे, मग घुर्रर करून थांबे. लाल दिवा लागे आणि आतून एक बाई हिंदीत सांगे, "मुख्य ब्रश में कुछ फँस गया है." रोज हेच व्हायचं. सर शाळेतून आले की शर्टसुद्धा न बदलता मशीन मांडीवर घ्यायचे. ब्रशला पांढऱ्या केसांचा असा काही पीळ बसलेला असे की तो बोटांनी सुटता सुटत नसे. एकदा त्यांनी हाताला लागली म्हणून अश्विनीताईंची कात्री घेतली. ज्यांच्या घरी शिवणकाम होतं त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शिवणाच्या कात्रीने कागदसुद्धा कापायचा नसतो. अश्विनीताईंनी ती कात्री सरांच्या हातातून घेतली, पदराने पुसली, आणि दोन दिवस सरांशी फक्त भाजीपुरतं बोलल्या.

आता मात्र सल्ले आले. एकाने सांगितलं, कुत्र्याला रोज दही चोळा. दुसऱ्याने सांगितलं, अंड्याचा बलक द्या. अब्दुलभाईंचं म्हणणं सरळ होतं. "सर, मशीन लहान, केस मोठा. मशीन तर वाढत न्हाई. केस कमी करा." बोलणं पटण्यासारखं होतं. शिवाय अब्दुलभाईंच्या ओळखीचा एक मेंढपाळ त्याच आठवड्यात गावाबाहेर कळप घेऊन उतरला होता. रविवारी सर आणि अब्दुलभाई कापशाला घेऊन गेले. मेंढपाळाने आधी कुत्र्याकडे, मग सरांकडे बघितलं. "गुरुजी, ह्येची लोकर इकायची हाय का?" सर म्हणाले, "नाही, फक्त काढायची आहे." त्याने लगेच कातर उचलली. मास्तर माणसं काहीही करतात, याची त्याला सवय असावी.

परत आला तो कापशा गुलाबी आणि निम्म्या आकाराचा होता. बनुबाईंनी त्याला पदराखाली घेतलं आणि सरांकडे अशा नजरेने बघितलं की सरांना तिसरीत पाटी फोडल्याचं आठवलं. "मुक्या जिवाची आब्रू काढली रं गोरख," त्या म्हणाल्या. कापशा त्या दिवशी घराबाहेर पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मशीन पुन्हा घुर्रर करून थांबलं. ब्रशला पांढऱ्या केसांचा तसाच पीळ होता.

इथे एखाद्या नववीतल्या पोरानेही सांगितलं असतं, की ज्या कुत्र्याच्या अंगावर केस नाहीत त्याचे केस ब्रशमध्ये येणार नाहीत. पण सर घरी होते, शाळेत नव्हते. त्यांनी निष्कर्ष काढला, की घरात जुना साठा असणार. त्यांनी सोफे हलवले, गाद्या झटकल्या, पंखे पुसायला शिडीवर चढले. दिवाणाखाली मशीनचीच जागा होती, म्हणजे तिथे स्वच्छता असणारच, म्हणून तेवढी एक जागा त्यांनी बघितली नाही.

याच सुमारास घरात दुसरं एक प्रकरण पेटलं. बनुबाईंचं प्लास्टर निघालं होतं आणि त्या पुन्हा आपली आपण वेणी घालू लागल्या होत्या. सकाळी नऊला आंघोळ करून त्या हॉलमध्ये दिवाणावर बसत आणि फणी करत. फणीत जे केस येत ते बोटाला गुंडाळून त्यांची छोटी गोळी करत. त्याला गुंतवळ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या बायका गुंतवळ कधी उघड्यावर टाकत नाहीत. केस वाईट माणसाच्या हाती लागला तर तो करणी करतो, असा एक धाक. आणि दुसरं म्हणजे, गुंतवळ साठवून ठेवली की दारावर केस घेणारी बाई येते आणि सुया-पिना नाहीतर एखादी वाटी देऊन जाते. पुणतांब्याच्या घरात भिंतीला फट होती, तिथे बनुबाईंची गुंतवळ असायची. राहात्यातल्या घराला फट नव्हती, तेव्हा त्यांनी आपली एक जागा शोधली होती. आणि त्या जागेतून गुंतवळ रोज नाहीशी होत होती.

"आई, कुठे ठेवता तुम्ही?" अश्विनीताईंनी विचारलं.

"जागा मी कुनाला सांगनार न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "सांगितली तर मंग उरलं काय? पर कुनीतरी नेतंय. रोजच्याला नेतंय."

रोज सकाळी बाहेरचं माणूस घरात एकच येई, भांडी घासायला येणारी आक्काबाई. ती साडेदहाला यायची. बनुबाईंनी तीन दिवस तिच्यावर पाळत ठेवली, चौथ्या दिवशी विचारलंच. आक्काबाई हात पुसून उभी राहिली. "म्हातारे, तुझ्या केसाला मी कशाला हात लावू? मला काय माझं केस न्हाईत का? चाळीस घरं केली, कुनी चमच्याचं नाव घेतलं न्हाई माझ्यावर, आन् तू केसाचं घेतलंस." ती निघून गेली. जाताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते अश्विनीताईंनी बघितलं.

आता भांडीही अश्विनीताईंच्या गळ्यात आली. दिवाळी अठरा दिवसांवर, चाळीस ब्लाउज शिवायचे, आणि कासव दिवसातून दहा मिनिटं काम करून बाकीचे तेवीस तास पन्नास मिनिटं लाल डोळा लावून बसलेलं. सरांनी आईला करणी कशी खोटी असते यावर तासभर समजावलं. बनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू म्हंतोस ते खरं आसंल. मंग केस कुटं जात्यात ते सांग." 

एका दुपारी बनुबाई म्हणाल्या, "मला पुनतांब्याला सोड. हितं मला भ्या वाटतंय." सर तिच्याशेजारी दिवाणावर बसले. म्हणाले, "आई, आठ दिवस थांब. मशीन दुरुस्त करून घेतो. मग सगळं नीट होईल." मशीन आणि आईची भीती यांचा काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांना फक्त आठ दिवस हवे होते.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "सर, जिल्हा जुळत नाही. बिलावर अहमदनगर आहे. आमच्या यादीत तुमचा पिनकोड अहिल्यानगरमध्ये दाखवतोय. हे दोन वेगळे ग्राहक आहेत."

"बाई, जिल्हा तोच आहे. फक्त नाव बदललं."

"म्हणजे तुम्ही स्थलांतर केलं का?"

"मी आहे तिथेच आहे हो. राहात्यात. जन्मापासून."

"तसं लेखी पाठवा सर."

सरांनी तीस वर्षं अर्ज लिहिले आणि तपासलेही आहेत. त्यांनी दोन पानी अर्ज केला, सोबत आधार, वीजबिल, राजपत्राची प्रत, आणि मशीन मांडीवर घेतलेला स्वतःचा फोटो जोडला. उत्तर आलं, की राजपत्र वाचता येत नाही आणि फोटोत ग्राहक दुःखी दिसतो, तरी पुन्हा पाठवावा. मग प्रतिज्ञापत्र मागितलं. सर रजा टाकून वकिलाकडे गेले. वकील त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने गंभीरपणे टाइप केलं, की मी प्रतिज्ञेवर सांगतो, ज्या जिल्ह्यात मी सदर यंत्र मागवले त्याच जिल्ह्यात मी आजही राहत असून मधल्या काळात मी कोठेही गेलेलो नाही. खाली सही करताना सरांना आपलं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात आल्यासारखं वाटलं, आणि ते काही सुखाचं वाटणं नव्हतं.

दिवाळी सहा दिवसांवर असताना, एका सकाळी दहाच्या आधीच कंपनीचा माणूस आला. हर्षल त्याचं नाव. नम्र, पाठीवर पिशवी, बूट दाराबाहेर काढून आत आला. सगळे हॉलमध्ये जमले. सर, अश्विनीताई, स्क्रू बघायला अब्दुलभाई, दिवाणावर बनुबाई, आणि मशीनपाशी कापशा. हर्षलने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, मशीन उलटं केलं, ब्रश काढला आणि सरांनी त्याला दाखवायला म्हणून तसाच ठेवलेला पीळ एका छोट्या आकडीने सोडवायला घेतला. सरांनी इतके दिवस जे कापून, ओढून, तोडून काढलं होतं, ते या पोराने टोक शोधून हळूहळू उलगडलं. एक केस त्याने वर धरला. तो संपेना. त्याचा हात खांद्याच्या वर गेला तरी केसाचं दुसरं टोक कागदावरच होतं.

"सर," तो म्हणाला, "कुत्रा हाच ना?"

सगळ्यांनी कापशाकडे बघितलं. त्याच्या अंगावर आता कुठे बोटाच्या पेराएवढे केस आले होते.

अश्विनीताईंनी तो केस ओळखला. महिनाभर त्यांनी त्या केसांना तेल लावलं होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

हर्षल आणखी काढत होता. आत एक घट्ट गोळी सापडली, मग दुसरी. "हे कुणीतरी मुद्दाम वळून ठेवल्यासारखं आहे," तो म्हणाला. "मशीन जिथून निघतं तिथेच असणार. निघाल्या निघाल्या हेच गिळतंय." त्याने वाकून दिवाणाखाली बॅटरी मारली. दिवाणाचा पाय आणि भिंत यांच्या मधोमध, मशीनच्या अगदी तोंडाशी, आज सकाळचीच एक पांढरी गोळी ठेवलेली होती.

"माझी गुंतवळ," बनुबाई म्हणाल्या.

अब्दुलभाईंना हसू आलं होतं, ते त्यांनी आवरलं. सरांना मात्र मनापासून आनंद झाला. "बघ आई," ते म्हणाले, "कुणी करणी करत नव्हतं. कासवच नेत होतं. आणि कापशाचाही काही दोष नाही. सगळं मिटलं." तीस वर्षांत त्यांना इतका स्वच्छ निष्कर्ष हाती आला नव्हता.

बनुबाई म्हणाल्या, "आन् आक्काबाईला मी चोर म्हनले."

 हर्षलने ब्रश धुतला, बसवला, मशीन चालवून दाखवलं. मशीन सगळं घर फिरून आलं, कापशाचे केस बिनबोभाट ओढून आलं. मग त्याने मोबाईल काढला. "सर, अहवाल भरून तुम्हाला वाचून दाखवावा लागतो, नियम आहे. बिघाडाच्या कारणात चारच पर्याय येतात. पाळीव प्राणी, लहान मूल, वृद्ध व्यक्ती, पाणी. यात..." तो घुटमळला. "पाळीव प्राणी टाक," सर घाईने म्हणाले. "तसं टाकता येत नाही सर, फोटो जोडावा लागतो." आणि फोटोत दोन हात लांब केस होता. त्याने बटण दाबलं. खालची ओळ मोबाईलने स्वतःच भरली. त्याने ती नियमाप्रमाणे मोठ्याने वाचली, "बिघाडाचे कारण, घरातील वृद्ध व्यक्ती. उपाय, सदर कारण यंत्रापासून दूर ठेवावे."

वाचून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. सरांनी आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी घाईघाईत सांगितला, त्याने तो टाकला, आणि तक्रार निकाली निघाली.

बनुबाईंनी त्या दिवशी एवढंच केलं, की काठी घेतली आणि अश्विनीताईंना बरोबर घेऊन आक्काबाईच्या घरी गेल्या. तिच्या दारात उभं राहून हात जोडले. आक्काबाईने त्यांना आत घेतलं, चहा पाजला, पण कामावर परत यायचं काही तिने कबूल केलं नाही. परत आल्यावर बनुबाई पिशवी भरायला लागल्या.

सर हादरले. "आई, मशीन उद्याच्या उद्या परत पाठवतो. नाहीतर माळ्यावर टाकतो. तू म्हणशील तिथे गुंतवळ ठेव."

"मशीन ऱ्हाऊ दे. चांगलं चालतंय ते," त्या म्हणाल्या. "अश्विनीचा जीव सुटला त्येच्यानं."

अश्विनीताई शिवणाच्या मशीनवरून उठून आल्या. त्यांनी सासूच्या हातातलं लुगडं घेतलं. "आई, माझं चुकलं असेल तर बोला. मी केसांचं म्हणाले ते कापशाचं म्हणाले होते. तुमचं नव्हते म्हणाले."

"तुझं काय बी चुकलं न्हाई पोरी. त्या पोराचं बी न्हाई. त्येच्या फोनमदी जे निघलं ते त्येनं वाचलं." बनुबाईंनी लुगडं परत घेतलं आणि नीट घडी घातली. "पर म्या वाटंभर इचार केला. तुमच्या घराला कुटं फट न्हाई गं. लई चांगलं घर हाय. पर माझा केस सुद्दा कुटं ठिवावा, मला कळंना. आन् ठिवला तर कुनाचं तरी काम आडतंय. चोरी नसताना मी चोर धरला. मानसानं आपल्या घरात ऱ्हावं."

"आणि पुन्हा पडलीस तर?" सरांनी विचारलं.

"तर दूधवाला येतो की," बनुबाई म्हणाल्या. सरांना ती रात्र पुन्हा डोळ्यांपुढे दिसली. त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून आईने ते सहज म्हटलं होतं, हेही कळलं, आणि त्यामुळेच जास्त लागलं.

दिवाळी तीन दिवसांवर असताना अब्दुलभाईंनी त्यांची व्हॅन काढली. न्हाणीला आडवी दांडी बसवायची म्हणून त्यांनी लोखंडी नळी आणि ड्रिल मशीन आधीच मागे टाकलं होतं. बनुबाई पुढच्या सीटवर बसल्या. मागचं दार कापशासाठी उघडं ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "चल रं." कापशा फाटकापर्यंत आला, व्हॅनच्या चाकाचा वास घेतला, एक पाय आत टाकला. तेवढ्यात घरात दहा वाजले. दिवाणाखालून मशीन निघाल्याचा आवाज आला. कापशाने कान टवकारले. क्षणभर बनुबाईंकडे बघितलं, आणि वळून घरात पळाला.

सर त्याला आणायला धावले, तर बनुबाईंनी काच खाली केली. "ऱ्हाऊ दे गोरख. त्येचं मन लागलंय हितं." त्या थोडं हसल्या. "त्येला वढून नेला तर त्यो बी माझ्यासारखाच व्हईल." अब्दुलभाईंनी गाडी सुरू केली. जाताना त्यांनी सरांकडे बघितलं नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी सर फाटकाला धरून उभेच होते.

मग ते आत आले. अश्विनीताई शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या, पण पाय चालवत नव्हत्या. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून मधल्या खोलीत, काळं यंत्र फिरत होतं आणि मागे गुलाबीसर कापशा शेपूट हलवत चालला होता. कोपऱ्यात, कपाटाखाली, देवघरापुढे, कुठेही केस राहिला नाही. मशीन कुठेही अडकलं नाही. सगळं घर करून ते दिवाणाखाली गेलं, जागेवर टेकलं आणि आतली बाई म्हणाली, "सफ़ाई पूरी हुई."

"झालं का हो?" अश्विनीताईंनी मान वर न करता विचारलं.

"झालं," सर म्हणाले, आणि आईच्या जागेवर दिवाणावर बसून ते रडू लागले.